आतला पहारेकरी

२०२५ च्या जून महिन्यात आणीबाणीला पन्नास वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने गावोगावी सभा झाल्या, मिसाबंदींचे सत्कार झाले, कारावासाच्या आठवणी निघाल्या. हे सारे योग्यच झाले. ज्यांनी एकोणीस-वीस महिने घरदार सोडून तुरुंगात काढले, त्यांचे ऋण विसरणारा समाज कृतघ्न ठरला असता. मात्र त्या सभांतील बहुतेक भाषणे शासनाच्या दडपशाहीविषयी होती. लेखणीच्या वागणुकीविषयी फारच थोडे बोलले गेले. वास्तविक आणीबाणीने जशी सत्तेची परीक्षा घेतली, तशीच लिहिणाऱ्यांचीही घेतली, आणि त्या परीक्षेचा निकाल फारसा अभिमानास्पद नव्हता. वाकायला सांगितले तेव्हा वृत्तपत्रे रांगू लागली, असे लालकृष्ण अडवाणी यांनी नंतर पत्रकारांना सुनावले, त्यात अतिशयोक्ती नव्हती.

महाराष्ट्राच्या सुदैवाने त्या काळोखातही एक स्वर खणखणीत उमटला. १९७५ च्या डिसेंबरात कऱ्हाडला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण, म्हणजे आणीबाणी लादणाऱ्या केंद्रीय मंत्रिमंडळाचे परराष्ट्रमंत्री. गावही त्यांचेच. अध्यक्षपदी होत्या दुर्गाबाई भागवत. जयप्रकाश नारायण त्या वेळी कारावासातून नुकतेच सुटलेले, मुंबईत मृत्यूशी झुंजत होते. साहित्याच्या मंडपात त्यांचे नाव घेणे म्हणजे अटकेला आमंत्रण देणे, हे उपस्थित प्रत्येकाला ठाऊक होते. दुर्गाबाईंनी ते नाव घेतले, त्यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सभागृहाला उभे केले आणि लेखनस्वातंत्र्याचा पुरस्कार शासनाच्या मानकऱ्यांसमोरच केला. १९७६ मध्ये त्यांना अटक झाली. त्यांचे वय तेव्हा सहासष्ट होते.

दुर्गाबाई संघाच्या नव्हत्या. अनेक विषयांत त्यांची मते आमच्या मतांहून वेगळी होती आणि ती त्या आडपडदा न ठेवता सांगत. परंतु हा आदर व्यक्त करताना एक प्रश्न मनात येतो. हे धैर्य त्यांच्याकडे आले कोठून? राजकीय पक्षाचे पाठबळ नाही, मागे संघटना नाही, तुरुंगात गेल्यावर घर सांभाळणारी कार्यकर्त्यांची फळी नाही. आमच्या स्वयंसेवकांना त्या काळात जे कवच होते, म्हणजे घरी डबा पोचवणारा कोणीतरी, मुलांची फी भरणारा कोणीतरी, तेही या एकट्या विदुषीला नव्हते.

आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर कऱ्हाडच्या भाषणात सापडत नाही. ते त्याच्या वीस वर्षे आधीच्या 'ऋतुचक्र' या पुस्तकात सापडते. लोकसंस्कृतीच्या अभ्यासासाठी मध्य भारतातील अरण्यात फिरताना झालेल्या विषबाधेने दुर्गाबाई काही वर्षे अंथरुणाला खिळल्या होत्या. संशोधनाचा ठरलेला मार्ग तेथेच खुंटला. अशा स्थितीत या बाईने आकाश, झाडे, पाने, पाखरे यांच्याकडे पाहायला सुरुवात केली असावी, असे त्यांचे लेखन वाचताना वाटत राहते. 'ऋतुचक्रा'त मराठी महिन्यांची वर्णने आहेत. संस्कृत काव्यातील ऋतुवर्णनांची ठरीव रूपके त्यांना तोंडपाठ होती, ती उचलून सुबक ललितनिबंध लिहिणे त्यांना सहज जमले असते आणि रसिकांनी मानही डोलावली असती. त्यांनी तसे केले नाही. पान नेमके कोणत्या रंगाचे आहे, हे स्वतः पाहिले आणि जे दिसले ते लिहिले. स्वतःच्या डोळ्यांवर असा विश्वास ठेवण्याची सवय ज्या लेखणीला वीस वर्षे लागली, ती कऱ्हाडच्या मंडपात समोर कोण बसले आहे हे पाहून अडखळणे शक्यच नव्हते. झाडाविषयी खरे लिहिणे आणि सत्तेविषयी खरे बोलणे, ही दोन वेगळी धैर्ये नव्हती.

या मुद्द्यावर थोडे थांबले पाहिजे, कारण आपल्याकडे लेखनाचे धैर्य म्हटले की डोळ्यांसमोर तुरुंगच येतो. मराठी लेखणीला तुरुंगाची परंपरा मोठी आहे हे खरे. लोकमान्यांनी मंडालेच्या कोठडीत पेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहिले. 'काळ'कर्ते शिवरामपंत परांजपे यांना १९०८ मध्ये राजद्रोहाबद्दल शिक्षा झाली. परंतु शिवरामपंतांचे उदाहरण नीट पाहिले तर वेगळेच काही दिसते. राजद्रोहाच्या कलमाखाली सरळ लिहिणे अशक्य झाले, तेव्हा त्यांनी वक्रोक्तीला असे काही रूप दिले की इंग्रज सरकारची स्तुती वाचताना वाचकाच्या मुठी वळाव्यात. सरकारी भाषांतरकार हैराण होत असतील. कायद्याच्या भिंतीत जेथे फट दिसली तेथून त्यांनी भाषेलाच नवी वाट काढून दिली. धैर्य आणि प्रतिभा तेथे एकत्र नांदल्या. नुसते धैर्य असते तर त्यांनी दोन शिव्या हासडून तुरुंगाची वाट धरली असती, नुसती प्रतिभा असती तर सुंदर निसर्गकविता लिहून रावबहादूर झाले असते.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी शाळेतील नोकरीचा राजीनामा १८७९ मध्ये दिला, तेव्हा ते तिशीलाही पोचले नव्हते. त्या नोकरीला ते रुप्याची बेडी समजत. 'निबंधमाला' त्याआधी पाच वर्षे चालूच होती. म्हणजे बेडी पायात असतानाही लेखणी मोकळी होती, आणि लेखणी मोकळी होती म्हणूनच पुढे बेडी असह्य झाली. क्रम हा असा आहे. आधी परिस्थिती अनुकूल होईल, नोकरीची चिंता मिटेल, समाज उदार होईल आणि मग मी मोकळेपणाने लिहीन, असे म्हणणारा माणूस बहुधा सेवानिवृत्तीनंतर पेन्शनच्या अर्जाखेरीज काही लिहीत नाही.

आणीबाणीकडे परत वळू. प्रसिद्धिपूर्व तपासणीचा वरवंटा फिरत असतानाही ज्यांनी आपले काम सोडले नाही, अशांची यादी आपण केवळ आपल्या विचारांच्या मंडळींपुरती ठेवू नये. 'मदरलँड'चे संपादक के. आर. मलकानी पहिल्याच रात्री पकडले गेले, हे आम्ही अभिमानाने सांगतो. पण पुण्याचे समाजवादी साप्ताहिक 'साधना' आणि त्याचे संपादक यदुनाथ थत्ते हेही त्या दडपशाहीपुढे नमले नाहीत. मिनू मसानी यांनी आपल्या 'फ्रीडम फर्स्ट' या छोट्या मासिकासाठी थेट मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. १९७६ च्या फेब्रुवारीत न्यायालयाने सेन्सॉर अधिकाऱ्याच्या मनमानीला लगाम घालणारा निर्णय दिला. शासनावर टीका करणे हा नागरिकाचा अधिकार आणीबाणीतही नाहीसा होत नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. आणि याच काळात महाराष्ट्रातील शेकडो घरांत, माजघरात वा माळ्यावर, सायक्लोस्टाइल यंत्रावर भूमिगत पत्रके निघत होती. ती लिहिणाऱ्यांची नावे कोठे नोंदलेली नाहीत. ज्या माउलींनी ती भाजीच्या पिशवीतून घरोघरी पोचवली, त्यांचीही नाहीत.

आज ते सेन्सॉर अधिकारी नाहीत. मध्यरात्री छापखान्यांची वीज तोडली जात नाही. ज्याला आपले विचार मांडायचे आहेत त्याला पूर्वी कधी नव्हती इतकी साधने हाताशी आहेत. असे असताना आपल्या भाषेत निर्भय आणि नव्या वाटेचे लेखन दुथडी भरून वाहायला हवे होते. तसे ते वाहत आहे काय? वृत्तपत्रांचे रकाने चाळावेत, कथास्पर्धांना आलेल्या कथा वाचाव्यात. मते उदंड आहेत, आवेशही उदंड आहे. मात्र लिहिणाऱ्याने स्वतः काही पाहिले आहे, त्याच्या मनात काही झगडा झाला आहे आणि त्यातून हे वाक्य आले आहे, असे वाटायला लावणारा मजकूर विरळाच. पहारेकरी दारावरून हलला, पण तो घरात येऊन बसला आहे. वाक्य कागदावर उतरण्यापूर्वीच तो ते तपासतो. हे लिहिलेस तर आपली माणसे काय म्हणतील?

या आतल्या पहारेकऱ्याचा धाक किती असतो, हे मराठी मध्यमवर्गाने एकदा फार जवळून पाहिले आहे. १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. लेखिकेचे नाव विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातील गोष्टी त्यात होत्या. ज्या गोष्टी प्रत्येक घरात होत्या आणि कोणत्याही घरात बोलल्या जात नव्हत्या. गदारोळ उठला. ही विभावरी कोण, याचा शोध सुरू झाला. ती होती मालतीबाई बेडेकर, एक सुशील, विद्वान अध्यापिका. तिने राजद्रोह केला नव्हता, तिला इंग्रज सरकारचे भय नव्हते. तिला टोपणनाव घ्यावे लागले ते सदाशिव पेठेच्या भयाने. सरकारी जप्तीची भीती परवडली, कारण तुरुंगातून सुटून आलेल्या लेखकाच्या गळ्यात हार पडतो. घरच्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या मनातून उतरलेल्याला हार घालायला कोणी येत नाही.

साहित्याच्या व्यासपीठावरही आपण या परीक्षेत वारंवार नापास झालो आहोत, आणि नापास होण्याचा मान कोणा एका बाजूकडे नाही. कऱ्हाडनंतर दोनच वर्षांनी, १९७७ मध्ये पुण्याच्या संमेलनाचे अध्यक्ष पु. भा. भावे होते. दुर्गाबाई आणि भावे हे दोघेही १९१० सालचे. मराठी नवकथेचे जे चार खांब मानले जातात, गाडगीळ, गोखले, माडगूळकर आणि भावे, त्यांपैकी हे एक. हिंदुत्वाची मते ते जळजळीत भाषेत मांडत, आणि तेच भावे कथा लिहायला बसले की माणसाच्या मनाचे कोपरे असे काही उजळून दाखवत की वाचकाने त्यांची राजकीय मते विसरावीत. त्या पुण्याच्या संमेलनात विचारस्वातंत्र्याचा जप करणाऱ्यांनीच भावे यांच्याविरुद्ध घोषणा दिल्या आणि गोंधळ घातला. त्यांची मते पटत नव्हती, हे ठीक. पण मराठी साहित्यिकांनी निवडलेल्या अध्यक्षाचे म्हणणे ऐकूनच घ्यायचे नाही, ही वैचारिक अस्पृश्यता होती. तिचा निषेध तेव्हा किती पुरोगामी लेखण्यांनी केला, हे शोधून काढण्यासारखे आहे.

याच दुटप्पीपणाचे मोठे रूप देशाने पुढे पाहिले. सलमान रश्दी यांच्या कादंबरीच्या आयातीवर १९८८ मध्ये जी बंदी आली, ती मतपेढीच्या हिशेबाने आली. तसलीमा नसरीन यांना २००७ च्या नोव्हेंबरात कोलकाता सोडावे लागले, तेव्हा तेथे डाव्या आघाडीचेच राज्य होते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क राज्यात एका व्यासपीठावर रश्दींवर सुरीहल्ला झाला, त्यांचा एक डोळा गेला. तेव्हाही हल्लेखोराला चिथावणाऱ्या विचाराचे नाव घ्यायला अनेकांची जीभ अडखळली. २०१५ मध्ये साहित्य अकादमीचे पुरस्कार परत करण्याची जी लाट आली, तीत या निवडक संवेदनशीलतेचा वास होता असे आमचे मत आहे. अर्थात सर्वांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. पुरस्कार परत करणाऱ्यांतील नयनतारा सहगल यांनी आणीबाणीलाही विरोध केला होता, आणि तोही इंदिरा गांधींची आतेबहीण असताना.

त्याच सहगल यांच्या बाबतीत महाराष्ट्राने काय केले? २०१९ च्या जानेवारीत यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे उद्घाटन करण्यासाठी त्यांना बोलावले गेले. मराठी संमेलनाला इंग्रजी लेखिका कशाला, अशी ओरड झाली, उधळून लावण्याची भाषा झाली, आणि आयोजकांनी निमंत्रण मागे घेतले. संमेलनाध्यक्षा अरुणा ढेरे यांनी आपल्या भाषणात ही गोष्ट चुकीची झाली, असे स्पष्ट सांगितले. सौम्य स्वभावाच्या, लोकपरंपरेच्या अभ्यासात रमलेल्या या कवयित्रीचे ते धैर्य मोठे होते. सहगल यांची मते आम्हांला मान्य नाहीत. त्या येऊन जे बोलल्या असत्या त्याचा समाचार याच स्तंभातून घेता आला असता. पण घरी बोलावलेल्या पाहुण्याला उंबऱ्यावरून परत पाठवणे आपल्या संस्कृतीत कोठे बसते? भावे यांना बोलू दिले नाही म्हणून आपल्याला आजही राग येत असेल, तर यवतमाळला जे झाले त्याचाही आला पाहिजे. नाही तर तो राग स्वातंत्र्यासाठी नव्हता, आपल्या माणसासाठी होता असा अर्थ निघतो.

आता थोडे आपल्या घरात पाहू. राष्ट्रीय विचाराच्या मंडळींनी गेल्या पाऊण शतकात पुस्तके थोडी लिहिलेली नाहीत. चरित्रे आहेत, बौद्धिके आहेत, गौरवग्रंथ आणि स्मरणिका आहेत, इतिहासाचे पुनर्लेखन आहे. यातील कित्येक ग्रंथांमागे आयुष्यभराची तपश्चर्या आहे. परंतु कादंबरी, नाटक, कविता या क्षेत्रांत आपल्या विचाराच्या लेखकांची उपस्थिती विचाराच्या सामाजिक विस्ताराच्या मानाने तोकडी आहे. याचे खापर नेहमी डाव्यांच्या कंपूवर, अकादम्यांवर आणि समीक्षकांवर फोडले जाते. त्यात तथ्य आहे, आम्हीही ते अनेकदा लिहिले आहे. पण समीक्षकाने दुर्लक्ष केल्याने चांगली कादंबरी अप्रसिद्ध राहील, अलिखित कशी राहील?

अलिखित राहण्याचे कारण आपल्याच अंगणात आहे. सर्जनशील लेखनाची पहिली अट ही की, लेखकाला शेवट आधी ठाऊक नसावा. पात्र जसे वागेल तसे त्याला वागू द्यावे लागते. कार्यकर्त्याच्या मनाला हे अवघड जाते, कारण कार्यकर्त्याला शेवट ठाऊक असतो. किंबहुना तो ठाऊक आहे म्हणूनच तो ऊनपाऊस न पाहता कामाला जुंपून घेतो. कामासाठी ही निष्ठा अमोल आहे. कथेसाठी ती पुरेशी नाही. शिवाय वाचकही आपलाच असतो, आणि त्याला दिलासा हवा असतो. आपल्या वाचकाला न आवडणारे वाक्य लिहिणे हे विरोधकाला झोडपण्यापेक्षा कितीतरी अवघड असते. विरोधकाला झोडपले की टाळ्या मिळतात.

या बाबतीत स्वातंत्र्यवीर सावरकरांचे नाव आपण घेतो, पण त्यांचे अर्धेच धैर्य सांगतो. '१८५७ चे स्वातंत्र्यसमर' हा ग्रंथ प्रकाशित होण्यापूर्वीच इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली. अंदमानात कागद नव्हता, तेव्हा कोठडीच्या भिंतींवर काट्याखिळ्याने ओळी कोरल्या, पाठ केल्या, आणि भिंतीवर चुना फिरला तरी 'कमला' जिवंत राहिली. ही कथा आपल्या मुलांना पाठ आहे, असावीच. पण १९२४ नंतर रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत सावरकरांनी जे लिहिले ते कोणाला रुचणारे नव्हते? ते इंग्रजांना खुपावे असे फारसे नव्हते, राजकारणाला तर बंदीच होती. ते रुचणारे नव्हते त्यांच्या स्वतःच्या भक्तांना. रोटीबंदी, बेटीबंदी, स्पर्शबंदी यांवर त्यांनी घण घातले. 'उःशाप' नाटकात अस्पृश्यतेचे पाप रंगभूमीवर उभे केले. 'किर्लोस्कर' मासिकातून विज्ञाननिष्ठ निबंध लिहिले आणि गाय हा उपयुक्त पशू आहे, तिचे पालन त्या उपयुक्ततेसाठी करावे, तिला माणसापेक्षा श्रेष्ठ देवता मानू नये, असे लिहून सनातनी समाजाला हादरा दिला. तो निबंध आजही आपल्यापैकी पुष्कळांना पचत नाही. पचलाच पाहिजे असा आमचा आग्रह नाही. गोमातेविषयीची श्रद्धा हा या देशाच्या भावजीवनाचा भाग आहे. आमचे म्हणणे इतकेच की, अंदमानाहून परतलेल्या, लोकांनी देव्हाऱ्यात बसवलेल्या माणसाने त्या देव्हाऱ्यातून उठून असे लिहिणे, यासाठी लागणारे धैर्य कोलू ओढण्याच्या धैर्याहून कमी नव्हते. आणि 'किर्लोस्कर'चे संपादक शंकरराव किर्लोस्कर यांनी ते छापले, वर्गणीदार तुटतील याची भीती न बाळगता, हेही विसरू नये. (१९३८ च्या मुंबईच्या साहित्य संमेलनात याच सावरकरांनी तरुणांना लेखणी टाकून बंदूक धरण्याचे आवाहन केले. स्वतः मात्र त्यांनी लेखणी अखेरपर्यंत खाली ठेवली नाही, ही मौजच म्हणायची.)

अलीकडचे उदाहरण कन्नडचे. एस. एल. भैरप्पा २०२५ च्या सप्टेंबरात गेले. मराठी वाचकाने त्यांना आपलेच मानले, याचे मोठे श्रेय उमा कुलकर्णी यांच्या अनुवादांना आहे. 'आवरण' २००७ मध्ये आली तेव्हा पुरोगामी म्हणवणाऱ्यांनी त्यांच्यावर तोंडसुख घेतले आणि आपल्या मंडळींनी त्यांना डोक्यावर घेतले. परंतु 'आवरण' लिहिणारे भैरप्पा आणि 'वंशवृक्ष' लिहिणारे भैरप्पा एकच आहेत, हे डोक्यावर घेताना किती जणांच्या ध्यानात होते? 'वंशवृक्षा'तील श्रीनिवास श्रोत्री हे धर्मनिष्ठ, वंशाच्या शुद्धतेवर अढळ विश्वास असलेले पंडित. त्यांची विधवा सून पुनर्विवाह करते, आणि अखेर श्रोत्रींना स्वतःच्याच जन्माविषयी असे सत्य कळते की ज्या वंशासाठी आयुष्य वेचले तो आपला नव्हेच. 'पर्वा'त त्यांनी महाभारतातून चमत्कार वजा केले आणि कुंती, भीम, द्रौपदी यांना थकलेली, दुखावलेली माणसे म्हणून उभे केले. भैरप्पांनी परंपरेवर प्रेम केले, म्हणूनच तिला अडचणीचे प्रश्न विचारले. ते कोणाच्याही बाजूने लिहीत नव्हते. ते ज्या बाजूला सत्य दिसेल तिकडे जात, आणि त्यामुळे 'आवरण'मधील इतिहासाला वजन आले. पूर्वी स्वतःच्या घरावर प्रकाश टाकलेला असल्याशिवाय दुसऱ्याच्या इतिहासावर टाकलेला प्रकाश लोक खरा मानत नाहीत.

मराठीतही असा वारसा आहे. गो. नी. दांडेकर किशोरवयातच घर सोडून स्वातंत्र्याच्या चळवळीत शिरले, गाडगेबाबांच्या सहवासात राहिले, संघाचेही काम त्यांनी केले. शिवराय, ज्ञानोबा, नर्मदा आणि दुर्ग ही त्यांची दैवते. असा माणूस लिहायला बसला तेव्हा बालविधवा शितूच्या मनात उमललेले प्रेम त्याने हळुवारपणे लिहिले, आणि 'पडघवली'त कोकणातल्या ढासळत्या गावाची कहाणी एका बाईच्या तोंडून सांगितली. उपदेश नाही, घोषणा नाही. तरी 'पडघवली' वाचून आपल्या गावाविषयी जे कळवळून वाटते, ते ग्रामविकासावरील दहा बौद्धिकांनी वाटणार नाही.

मोकळेपणाने लिहिणे म्हणजे स्वैराचार, असे मानून चटकन अंग काढून घेणारेही आपल्यात आहेत. श्रद्धास्थानांची मुद्दाम विटंबना करून प्रसिद्धी मिळवणारे लेखक आणि चित्रकार या देशाने पाहिले आहेत, त्यांची वकिली येथे कोणी करीत नाही. त्यांचा प्रतिवाद करावा, कायद्याचे दार ठोठवावे, आणि सर्वांत उत्तम म्हणजे त्यांच्याहून सरस लिहून दाखवावे. पण विटंबना करणारा आणि मनापासून शोध घेणारा यांतला फरक ओळखण्याची रसिकता समाजात नसेल, तर पहिला निर्ढावलेलाच राहतो आणि दुसराच तेवढा गप्प होतो. गप्प झालेला दुसरा बहुधा आपल्याच घरातला असतो. अकरावीतली मुलगी वहीत कविता लिहिते आणि आई आली की वही मिटते. निवृत्त बँक कर्मचारी आपल्या वडिलांविषयी खरे लिहू पाहतो आणि 'आता ते गेले, कशाला उगाच' असे घरचे म्हणतात म्हणून पानभर गोडगोड स्मरणलेख लिहून मोकळा होतो. प्रचारक म्हणून दहा वर्षे ईशान्येत काढून परतलेल्या तरुणाजवळ काय नसते सांगण्यासारखे? एकटेपण, भीती, न कळणारी भाषा, एखाद्या खासी आजीने दिलेला भात. पण तो लिहितो कार्यवृत्त. त्यात आकडे असतात, तो स्वतः नसतो.

दिवाळी अंकासाठी आमच्याकडे दरवर्षी पुष्कळ मजकूर येतो. त्यातील लेख उत्तम असतात. कथांविषयी मात्र प्रांजळपणे सांगायला हवे. बहुतेक कथांतील नायक अतिशय सज्जन असतो, त्याची पत्नी कधीही रागावत नाही, परदेशात गेलेला मुलगा शेवटच्या पानावर परत येतो आणि शेजारचा नास्तिक तिसऱ्या परिच्छेदात आजारी पडून पाचव्यात आस्तिक होतो. लिहिणारी मंडळी आयुष्य पाहिलेली असतात, त्यांच्याशी दूरध्वनीवर पाच मिनिटे बोलले की कथेत नसलेली खरी कथा ते सहज सांगून जातात. 'मग हे का नाही लिहिलेत?' असे विचारले तर उत्तर ठरलेले असते, 'आपल्या अंकात कसे चालेल?'

चालेल. हे येथे स्पष्टपणे नमूद करीत आहोत. सज्जन माणसाला पडलेला मोह चालेल, कार्यकर्त्याच्या घरातील पत्नीचा इतक्या वर्षांचा साठलेला राग चालेल, श्रद्धा डळमळलेल्या एखाद्या रात्रीची हकिगत चालेल. शेवटी ती श्रद्धा परत स्थिर झालीच पाहिजे, अशी अट नाही. छपाईयोग्य मराठी आणि लिहिणाऱ्याचा प्रामाणिकपणा, एवढ्या दोनच गोष्टी पाहिल्या जातील. अंक हाती पडल्यावर ज्यांना एखादी कथा खटकेल त्यांनी आम्हांला जरूर पत्र लिहावे, तेही छापले जाईल. लेखकाच्या घरी दूरध्वनी करून त्याच्या वडिलांकडे तक्रार मात्र करू नये. असे पूर्वी घडले आहे.

गेल्या महिन्यात पश्चिम महाराष्ट्रातील एका भगिनींनी कथा पाठवली. आणीबाणीत पती तुरुंगात असताना दोन लहान मुलांना घेऊन सासरी राहिलेल्या स्त्रीची ती कथा आहे. त्यात तुरुंगातल्या पतीविषयीचा अभिमान आहे आणि त्याच्याविषयीचा संतापही आहे, एकाच परिच्छेदात. सोबतच्या चिठ्ठीत त्यांनी विनंती केली आहे की, खरे नाव देऊ नये, घरी अंक सगळे वाचतात. कथा आम्ही घेतली आहे. कोणते नाव छापायचे, ते त्यांनी कळवायचे आहे.